लाटेवरचा नारळ

आटपाट किनारा होता, तिथे कोळ्यांची वाडी होती. नारळी पौर्णिमेला चांगुणाने दर्याला नारळ वाहिला. लाटांनी तो पुन्हा पुन्हा वाळूवर आणून टाकला.

नारळ रडवेला झाला. "दर्याने मला नाकारलं. उद्या चांगुणाच्या धन्याची होडी निघायची. आता कसं व्हायचं?"

शेजारी सर्फिंगची फळी निथळत पडली होती. ती म्हणाली, "अरे वेड्या, मलाही तो दिवसभर पाठीवर घेऊन काठाला सोडतो. मी कधी रुसले का? बरं, तुला वाहताना चांगुणाने मागितलं काय?"

"धनी सुखरूप काठाला लागू दे, म्हणाली."

"मग दर्याने दुसरं काय करून दाखवलं?"

पुढची लाट न्यायला आली, तेव्हा नारळ आनंदाने गेला आणि परतताना तिच्या पाठीवर डुलत डुलत काठाला लागला.