शनिवारची नखं

“मग यात माझं चुकलं कुठे, बुवा?” विनायकराव शेंड्यांनी विचारलं.

नदीकाठच्या मठात दुपारी तिघंच होती. अच्युतबुवा, त्यांचे जुने शिष्य विनायकराव आणि विनायकरावांची मुलगी मृदुला. ती खांबाला टेकून बसली होती. तिचं रडून झालं होतं.

“उद्या अंथरुणाला खिळलो तर? हिची नोकरी, हिचा संसार... हिने माझं काय काय करायचं? म्हणून वृद्धाश्रमात खोली घेतली. शेवटपर्यंत माणूस ठेवायचा खर्चही बाजूला काढलाय.”

“शहाणपणाचं केलंस,” बुवा म्हणाले.

“हिला सांगा ते.”

“सगळे पैसे भरून आल्यावर मला सांगितलं, बुवा,” मृदुला म्हणाली. “मी काय परकी आहे?”

“मला कुणाकडून काही करून घ्यायचं नाही. बस्स.”

जन्मभर ताठ चाललेला माणूस. हे सांगतानाही मान ताठच होती.

बुवांची नजर खाली गेली. एवढ्या उकाड्यात याच्या पायांत मोजे.

“मोजे काढ.”

विनायकरावांनी पाय मागे घेतले.

“विनायका, काढ म्हटलं.”

मृदुलानेच पुढे होऊन काढले. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून विनायकरावांना वाकता येत नव्हतं. नखं वाढून बोटांत रुतली होती. घरात कुणाला पत्ता नव्हता.

“बाबा... एका शब्दाने सांगायचं होतं.”

बुवांनी कोनाड्यातलं नेलकटर घेतलं, खाली बसले आणि विनायकरावांचा पाय उचलून आपल्या मांडीवर ठेवला.

विनायकरावांनी तो झटकन मागे ओढला. “अहो बुवा, हे काय करताय? मला पाप लागेल.”

“दे इकडे.”

“आज शनिवार आहे. शनिवारी नखं कापत नाहीत.”

“शनीचं मी बघतो.”

पाय पुन्हा मांडीवर आला. पुन्हा मागे गेला. मग बुवांनी घोटाच धरून ठेवला. बुवांच्या म्हाताऱ्या हातात अजून जोर होता.

एक नख कापून झालं. विनायकरावांचे डोळे भरून आले.

“दुखतंय?”

“नाही.”

“मग?”

“सहन होत नाही, बुवा... कुणी माझं असं काही केलेलं.”

बुवा मायेने हसले. हा शिष्य त्यांच्या फार जिवाचा. पण इतकं खरं त्याच्या तोंडून त्यांनी आजच ऐकलं.

त्यांनी मृदुलाला जवळ बसवलं. नेलकटर तिच्या हातात दिलं आणि तो पाय अलगद तिच्या मांडीवर ठेवला.

या वेळी पाय मागे गेला नाही.

मृदुलाने एकेक नख जपून कापायला घेतलं.

“मग त्या खोलीचं काय करू?” विनायकरावांनी हळूच विचारलं.

“राहू दे की. लागेल तेव्हा खुशाल जा,” बुवा म्हणाले. “पण तिथल्या बाईच्या हातात पाय कसा द्यायचा, ते आधी हिच्याकडे शिकून घे.”