झीज पुढच्या चाकांची

पठारावरच्या एका गावात सर्जेराव नावाचा जीपवाला राहत होता. गावातून खालच्या बाजारपेठेला जायचे तर अकरा वळणांचा घाट उतरावा लागे. एसटी दिवसातून एकदाच यायची, तीही तिच्या मर्जीने. त्यामुळे सारे गाव सर्जेरावाच्या जीपमध्ये बसे. त्याच्या शेजारी दोघे, मधल्या बाकावर चौघे, मागे सहा-सात, आणि कुणी उरलाच तर तो मागे लोंबकळत. वीस वर्षांत या गाडीला घाटात साधा ओरखडा आला नव्हता. हे त्याला कुणी विचारायची गरज नसे, तो आपणहूनच सांगे.

सर्जेराव गाडीची निगा राखायचा, यात खोटे काही नाही. पण त्याची आणि स्टँडवरच्या सगळ्याच जीपवाल्यांची एक पक्की समजूत होती. माणसे बसतात मागे, ओझी ठेवतात मागे, मग भार सगळा मागच्या चाकांवर. म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकाला घासणारे लायनर झिजणार तेही मागचेच. म्हणून ही मंडळी दर चार महिन्यांनी मागची चाके खोलून बघत आणि पुढे नुसते लिंबू-मिरची बांधत.

एकदा गावातल्या बाबालाल मेस्त्रीने नेहमीप्रमाणे मागची चाके खोलली. लायनर आठ आणे, म्हणजे निम्मे, शिल्लक होते. सर्जेराव खूश झाला. मेस्त्री मात्र चाकांपाशी बसूनच राहिला.

"पुढची पण खोलू," तो म्हणाला. "उतारावर ब्रेक मारला की सगळी गाडी पुढं वाकती. झिजतं ते पुढचंच."

सर्जेराव हसला. दुसऱ्या दिवशी बाजार होता. पुढची चाके खोलायची म्हणजे गाडी अर्धा दिवस अडकणार आणि माणसे दुसऱ्याच्या जीपमध्ये जाऊन बसणार. मागचे एवढे चांगले आहेत तर पुढचे नव्यासारखेच असतील, असे मनाशी ठरवून तो गाडी घेऊन निघून गेला.

सकाळी गाडी भरली. सर्जेरावाच्या बरोबर मागे हौसाक्का बसली होती. सत्तरीची बाई, दर बाजाराला टोपलीभर अंडी घेऊन जायची. तिच्या शेजारी माहेरपण आटोपून सासरी निघालेली एक लेक होती, मांडीवर तीन महिन्यांचे बाळ घेऊन.

पहिली दोन वळणे नेहमीसारखी गेली. तिसऱ्यावर ब्रेक दाबताच पुढून आवाज आला. खर्रर्र. लोखंडावर लोखंड घासल्याचा. लायनर संपल्याचा हा आवाज सर्जेरावाने आजवर दुसऱ्यांच्या गाड्यांत ऐकला होता. त्याच क्षणी हौसाक्काचे गुडघे मागून त्याच्या सीटवर आदळले. ब्रेक दाबला की गाडीतली सगळी माणसे पुढे झुकत होती. वीस वर्षे कुणाचे ना कुणाचे गुडघे त्याच्या पाठीला लागत आले होते. माणसे पुढे येतात तर त्यांचा भारही पुढेच येत असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आले नव्हते. आता आले, पण भलत्या जागी आले.

त्या वळणापुढे रस्त्याकडेला थोडी सपाट जागा होती. गाडी तिथे उभी राहिली असती. "उतरा, ब्रेकचं खरं नाही," एवढेच म्हणायचे होते. पण सर्जेरावाची गाडी घाटात बंद आणि त्याची माणसे पायी, ही बातमी दुपारपर्यंत साऱ्या स्टँडवर झाली असती. सपाट जागा मागे गेली. आवाज कसला, असे कुणीतरी विचारले. चाकात खडा अडकलाय, असे सांगून त्याने टेप मोठा केला.

पाचव्या वळणावर ब्रेकचे पायडल नेहमीपेक्षा खोल गेले. सहाव्यावर जळका वास येऊ लागला. बाजूला दरी होती, आणि तिच्या तळाची झाडे कोथिंबिरीच्या जुडीएवढी दिसत होती. आरशात ते बाळ दिसत होते, गाढ झोपलेले. सर्जेरावाला ते बघवेना. त्याने आरसा वर फिरवला. तो आयुष्यात इतका घाबरला नव्हता. पण दरीपेक्षाही त्याला मागे बसलेल्या माणसांच्या तोंडाची जास्त भीती वाटत होती, हे सांगायलाही लाज वाटते.

सातव्या वळणावर टेपच्या आवाजाने बाळ जागे झाले आणि रडू लागले. त्याच्या आईने टेप बंद करायला लावला. मग ती खरखर सगळ्यांनाच ऐकू आली. हौसाक्काने एका हाताने टोपली धरली होती, ती सोडून तिने बाळाच्या आईचा दंड घट्ट धरला.

आठव्या वळणावर पायडल तळाला टेकले आणि गाडी थांबेना. सर्जेरावाने पहिला गिअर ओढला. इंजिन किंचाळले. त्याने हँडब्रेक खेचला आणि पुढचे चाक डोंगराकडच्या चरात घातले. जीप दरडीला घासत, दगड उडवत दहा-बारा हात गेली आणि कलून थांबली. अंडी फुटली. माणसे वाचली.

एकेकजण खाली उतरला. पुढचे लायनर संपले होते, असे सर्जेराव खाली मान घालून म्हणाला. हौसाक्काने आधी बाळाला घेतले, त्याच्या आईला उतरू दिले, आणि मग त्याच्याकडे वळली.

"तुला कधी कळलं?"

आत्ताच, असे तो म्हणाला असता तर कुणाला खरे-खोटे कळले नसते. पण त्याच्यात तेवढेही बळ उरले नव्हते.

"तिसऱ्या वळणावर," तो म्हणाला.

म्हातारीने बोटांवर मोजले.

"म्हणजे पाच वळणं आम्ही गाडीत नव्हतोच, लेकरा," ती म्हणाली. "तुझ्या अब्रूवर बसून आलो."

तिने शिवी दिली असती तर बरे वाटले असते. पण बाळाला पदराखाली घेऊन तिने चालायला सुरुवात केली आणि बाकीचे तिच्या मागोमाग निघाले. सर्जेराव कललेल्या गाडीपाशी उभा राहिला. खालच्या तीन वळणांवरून पायी उतरणारी माणसे त्याला वरून दिसत होती. मागून एखाद्या गाडीचा आवाज आला की ती सगळी रस्ता सोडून डोंगराला चिकटत होती.

तात्पर्य: भार ज्याच्यावर झुकतो तोच आधी झिजतो, म्हणून तपासणी तिथूनच सुरू करावी, आणि धोका कळूनही जो गप्प बसतो, तो आपली लाज दुसऱ्यांच्या जिवावर झाकतो.