ऊन पिणारी कौलं

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा सूर्य माणसांशी बोलायचा आणि माणसं हातातलं काम थांबवून त्याचं ऐकायची. म्हणजे, काही माणसं ऐकायची.

त्या काळी एका उंच डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. डोंगर पश्चिमेला होता, म्हणून तिथे संध्याकाळ लवकर यायची. गुरं रानातून परतायच्या आतच अंगणात सावली उतरायची आणि घरोघरी तेलाचे दिवे लागायचे. त्यांचा उजेड थोडा आणि धूर फार.

गावात गुळाचा एक व्यापारी राहायचा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगायला हवं. त्याची एकच खोड होती, भाव मनासारखा झाल्याशिवाय तो हलायचा नाही. गुळाच्या ढेपा कोठारात रचून तो निवांत बसायचा. इतरांचा माल संपला की आपला बाहेर काढायचा. अशा थांबण्यावरच त्याचं घर उभं राहिलं होतं.

त्याची बायको गोधड्या शिवायची. दिवस घरकामात जायचा. संध्याकाळी दिव्याशी बसली की सुई हातात. त्या वर्षी तिने एकुलत्या एका लेकीसाठी गोधडी शिवायला घेतली होती. लेक सासरी जाईल तेव्हा सगळं गाव तिच्यासोबत धाडायचं, असं तिच्या मनात होतं. चिंचेचं झाड, अंगणातली शेळी, नदी, सगळं तिला त्यात शिवायचं होतं. वरचा एक कोपरा तिने सूर्यासाठी राखून ठेवला होता. "तो सगळ्यांत शेवटी," ती म्हणायची. त्यासाठी पिवळ्या कापडाचा तुकडाही तिने जपून ठेवला होता.

त्याच वर्षी गावच्या कुंभाराने नवलाची कौलं घडवली. काळी, गुळगुळीत. दिवसभर छपरावर पडून ती ऊन प्यायची आणि अंधार पडला की घरात सोनेरी उजेड पाझरू लागायचा. धूर नाही, तेल नाही. उरलेला उजेड देवळासमोरच्या दीपमाळेत साठायचा. पावसाळ्यात ढगांमुळे कौलं उपाशी राहिली की तो ज्याचा त्याला परत मिळायचा.

पण कौलं महाग होती. म्हणून राजाने दवंडी पिटवली. जो घरावर कौलं बसवील, त्याच्या खर्चाचा तिसरा हिस्सा खजिन्यातून मिळेल!

"अहो, आपणही बसवूया," बायको म्हणाली. "दिव्याच्या उजेडात हल्ली टाका नीट दिसत नाही."

"अगं, पहिल्या दवंडीला धावायचं नसतं," व्यापारी हसून म्हणाला. "राजाला घाई आहे. तो हिस्सा वाढवणार बघ."

आणि खरंच, पुढल्या वर्षी राजा अर्धा खर्च देऊ लागला.

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

"मग आता बसवूया ना."

"आता तर मुळीच नाही. आणखी वाढेल तो."

एकेक करत गावातली घरं उजळत गेली. डोंगरावरून पाहिलं तर संध्याकाळी सगळं गाव सोन्यात बुडाल्यासारखं दिसायचं. मधोमध एकच काळा चौकोन राहिला होता.

एके दिवशी मावळता मावळता सूर्य डोंगराच्या कडेवर थांबला आणि म्हणाला, "गृहस्था, मी रोज तुझ्या छपरावर येतो आणि रोज घसरून जातो. मला धरून ठेवायला तिथे काहीच नाही."

व्यापाऱ्याने हात जोडले. "थोडं थांबा, देवा. भाव अजून उतरतोय."

"मी उद्याही येईन," सूर्य म्हणाला. "पण आजचं ऊन उद्या आणता येत नाही मला."

व्यापाऱ्याने मान डोलावली आणि विसरूनही गेला. घरातून बायकोची हाक आली, "अहो, एवढा दोरा ओवून देता का?" पूर्वी ती अधूनमधून हाक मारायची, आता प्रत्येक दोऱ्याला मारू लागली होती.

"आळशी झालीस गं," तो चिडवत म्हणाला. तीही हसली, आणि पदराने डोळे चोळत राहिली.

अखेर त्याच्या मनासारखं झालं. लेकीचं लग्न ठरलं त्याच वर्षी दवंडी आली, कौलांचा सगळा खर्च राजाचा, कुंभाराची मजुरी तेवढी आपली. व्यापारी धावतच गेला.

पहिल्याच संध्याकाळी घर सोन्यासारखं झळाळून उठलं. "अगं, बघ तरी!" तो ओरडला. "गावात इतक्या स्वस्तात कुणालाच मिळाली नाहीत!"

बायको मांडीवर गोधडी घेऊन बसली होती. "छान वाटतंय हो," ती म्हणाली. "सगळं पिवळं पिवळं दिसतंय. पण सुई काही दिसत नाही."

व्यापाऱ्याने गोधडी उचलून उजेडात पसरली. इतक्या वर्षांत त्याने ती कधी नीट पाहिलीच नव्हती. चिंचेच्या झाडाचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक आणि सरळ होते. ती पहिल्या दवंडीची संध्याकाळ. शेळीचे टाके लांब झाले होते. ती दुसरी. नदीपाशी पोचता पोचता टाके वाट चुकून भलतीकडेच गेले होते, आणि सूर्याचा कोपरा रिकामा होता. आपण किती थांबलो ते त्याला तिथे एकेका टाक्यात दिसलं.

तो तिच्याजवळ बसला आणि रडू लागला. "फायदा झाला म्हणून नाचत होतो गं मी. तुझे डोळे देऊन आलो की!"

तिने चाचपडत त्याचा हात धरला. त्याच हाताने त्याने मग सूर्य शिवून पाहिला, पण गूळ तोलणाऱ्या बोटांना ते जमेना. लेकीने गोधडी तशीच घडी करून छातीशी धरली आणि ती सासरी गेली.

पिवळा तुकडा मागे राहिला. पुढे कसल्याही सवलतीबद्दल गावात कुणी म्हणालं, "आणखी एक दवंडी होऊ दे, मग बघू," की व्यापारी त्याच्या हातात तो तुकडा ठेवायचा आणि आपल्या बायकोच्या शेजारी जाऊन बसायचा.

तात्पर्य: मिळेल ती सवलत जरूर घ्यावी, पण मोठ्या सवलतीची वाट पाहताना आपल्या घरात कोण अंधारात बसलं आहे, ते आधी पाहावं.