सात बोटांची वीत

एका राज्यात माणसं म्हातारी होत होती, पण मुलं मोठी होत नव्हती. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, मी काही समजूत काढत बसणार नाही. पाळण्यातलं पोर पाळण्यातच, रांगणारं रांगतंच. अशी नऊ वर्षं गेली. राज्य समुद्राकाठचं, राजाचं नाव अरिंजय.

त्या राज्यात गळाचा जुना कायदा होता. हौसेनं गळ टाकणाऱ्यानं, मग तो राजा असो की न्हावी, दिवसाला पाचच मासे न्यावेत. गाभोळी, म्हणजे पोटात अंडी धरलेली मादी सोडून द्यावी. आणि राजाच्या वितीहून आखूड मासा लागला, तर त्याच्या तोंडातून हलक्या हातानं गळ काढावा आणि त्याला पाण्यात जाऊ द्यावं, कारण त्याला अजून पिल्लं व्हायची असतात. राजा गादीवर बसला की त्याच्या वितीएवढी काठी कापून बंदरावर टांगत. सगळं मोजमाप तिच्यावर, विकणाऱ्या कोळ्यांचंही.

अरिंजय गादीवर बसला तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याची वीत भरली सात बोटं. तेवढी काठी कापली. पुढं राजा वाढला, त्याला मिशा फुटल्या, पंजा सुपाएवढा झाला. काठी तीच राहिली. राजाला गळाची भारी हौस, आणि आखूड काठीवर जे निघेल ते मापात बसे. दरबारी खूश, कोळीवाडाही खूश. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? आणि खरं सांगू, बांधायची कुणाला होती?

वीस वर्षांत समुद्र रिता झाला. एके दिवशी राजाच्या गळाला जिताड्याचं पिल्लू लागलं. ते म्हणालं, "राजा, या पाण्यात मी शेवटचा. मला वाढू दे."

राजानं काठी लावली. पिल्लू बरोबर सात बोटं भरलं.

"मापात आहे," राजा म्हणाला, आणि त्यानं ते टोपलीत टाकलं. त्या दिवसापासून राज्यातलं एकही पोर वाढलं नाही.

कोळीवाड्यात नागूबाय नावाची विधवा राहत होती. शाप पडला तेव्हा तिचा कान्हू चाळीस दिवसांचा होता. नऊ वर्षांनीही चाळीस दिवसांचाच. दुधाशिवाय त्याच्या पोटात काही ठरत नसे. आणि नागूबायचं वय उतरणीला लागलेलं, दूध आटत चाललेलं. कोळीवाड्यात ज्या आयांचं दूध आटलं, त्यांची पोरं गेली होती. एक नाही, दोन नाही, अकरा. नागूबाय रोज भीतीनं छातीला हात लावून बघायची.

एका दुपारी डोलकाठीवरचा पाणकावळा बोलला, "बाय, खडपावर जळजोगीण बसते. तिला विचार."

नागूबाय ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर, त्या खडपावर गेली. जळजोगिणीच्या केसांत शेवाळ होतं आणि डोळ्यांना पापण्या नव्हत्या. ती म्हणाली, "तीन गोष्टी आण. राजाची काठी. राजाचा सोन्याचा गळ. आणि राजाचा हात."

नागूबाय दरबारात गेली. राजाच्या मांडीवर त्याची लेक होती, नऊ वर्षं तीन वर्षांचीच. नागूबायनं निरोप सांगितला.

"काठी कायद्यानं कापलेली आहे," राजा म्हणाला.

"व्हय महाराज. त्याच काठीवर मोजून मीही पिल्लं विकली. पाप माझंही हाय. पण हात तुमचाच लागंल."

"हात परत मिळेल?"

"म्या इचारलं नाय."

राजानं बराच वेळ लेकीच्या केसांवरून हात फिरवला. मग तिला दाईकडं दिलं आणि उठला.

प्रधानाला घेऊन तो नागूबायमागं खडपावर आला. जोगिणीनं काठी जाळली. गळ वाळवीनं खाल्ल्यासारखा तिच्या मुठीत भुगा झाला. मग ती म्हणाली, "या खडकावर वीत पसर." राजा घाबरला होता, त्यानं बोटं आखडली. "पुरी," जोगीण म्हणाली. राजानं पुरी पसरली. तेरा बोटं भरली, आणि हात मनगटापर्यंत दगड झाला, खडकाला चिकटला. भरती चढू लागली. प्रधानानं तलवार काढली, राजानं मान फिरवली. पुढचं सांगायला नको.

जोगिणीनं ओंजळभर गाभोळी पाण्यात सोडली. "आता माप या हातावर. तुम्ही मासा वाढू द्याल, तेव्हा पोर वाढेल," एवढं बोलून ती पाण्यात उतरली.

वर्ष उपाशी गेलं. समुद्रात मासा होता, पण मापाचा एकही नव्हता. लोक कंदमुळं खात. गेलेली पोरं अकराची चौदा झाली. नागूबायला तीन दिवस अन्न नव्हतं आणि कान्हू रडायचाही थांबला होता. तेव्हा भर दुपारी तिच्या गळाला रावस लागला. चांगला जाडजूड. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं.

तिनं तो दगडी हातावर ठेवला. एक बोट कमी.

त्याचं कालवण पोटात गेलं तर आज दूध येईल, हे तिला ठाऊक होतं. एका बोटानं समुद्राचं काय बिघडणार आहे, असंही मनात आलं. मग सात बोटांची काठी आठवली. तेव्हाही सगळे हेच म्हणत होते, आणि तीसुद्धा. तिला स्वतःचा इतका राग आला की डोळे भरून आले. तिनं हलक्या हातानं गळ काढला. मासा पाण्यात शिरला आणि मागं वळूनही न बघता गेला.

घरी येऊन तिनं कान्हूला नुसतं कोमट पाणी बोटानं चाटवलं. निदान आंघोळ तरी घालावी म्हणून घातली, आणि दहा वर्षं घालत होती तेच झबलं घालू लागली. बंद जुळेनात. धुऊन आटलं असेल, म्हणून तिनं ओढलं. बाहीतून पोराचं मनगट बाहेर राहिलं.

 झबलं तिनं टराटरा फाडलं आणि उघड्या पोराला उराशी धरून रडू लागली. शेजारच्या घरातून कुणीतरी हाक मारली, "नागूबाय, इकडं ये गं, माझी पोर बघ." मग त्याच्या पलीकडच्या घरातून.

दगडी हात अजून त्या खडपावर आहे. गेलेली चौदा पोरं मात्र परत आली नाहीत. मोठ्यांनी मासा मोजताना त्यांची नावं घ्यायची, अशी तिथली रीत आहे. ऐकणाऱ्यांच्या घरची पोरं वाढोत. माझी गोष्ट एवढीच.