चिंधू कोंबड्या डोंगर ओलांडतो

एका डोंगराच्या पायथ्याला पिंपळटेप नावाचं गाव होतं, आणि त्या गावात एक भोळा चिंधू होता. त्याला आई होती, नवसाबाई, आणि लग्नाची बहीण होती, हौसा. बाप नव्हता. अक्कल थोडीफार होती, पण ती आईच सांभाळायची.

डोंगराचं नाव कोंबड्या. माथ्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे पाच सुळके, म्हणून कोंबड्या. अलीकडं पिंपळटेप, पलीकडं कुसारी, मधे खिंड. आपल्या बाजूनं खिंडीत चढायला तीन वाटा. एक बैलवाट. ती सोंडेवरून वळत वळत जाते, म्हाताऱ्याकोताऱ्यांची. दुसरी नाळ. दोन कड्यांच्या मधली, सगळी धोंड्यांनी भरलेली, घाई असलेल्यांची. तिसरी शेळवाट. कड्याच्या काठाकाठानं, एका वेळी एकच पाऊल मावेल एवढी. ती शेळ्यांची आणि हौसाची. हौसा रोज तिथूनच मोळी आणायची. डोंगर चढायचाच नसला तर खालून वळसा घालूनही कुसारीला जाता येई, पण तो लांब.

ह्या डोंगरापायी हौसाचं लग्न अडलं होतं. दोन स्थळं खिंडीतून खाली बघून तिथूनच माघारी गेली होती. अशात कुसारीच्या मामाचा निरोप आला. रावजी तात्यांचा मुलगा आहे. माणसं चांगली आहेत, पण तात्या मानी. गुरुवारच्या आत 'या' म्हणून बोलावणं गेलं तर येतील, नाहीतर शुक्रवारी दुसरीकडं मुलगी बघतील.

त्या दिवशी सोमवार होता. नवसाबाईचे गुडघे धरलेले. आपल्याच लग्नाचा निरोप पोरीनं न्यायचा नसतो. मग उरला कोण, चिंधू.

आईनं विचार केला, वळशाची वाट सपाट, तिथं चुकायला जागाच नाही. म्हणाली, "डोंगर उजव्या हाताला ठेव आणि चाल. काही झालं तरी डोंगर सोडू नको."

चिंधूनं डोंगर उजव्या हाताला ठेवला. चालला. दुपार झाली, चालला. दिवस कलला, चालला. दिवेलागणीला घराच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"आई, पोचलो."

"कुठं?"

"इथं."

"आणि कुसारी?"

"लागली की वाटेत. मामा दारातच बसला होता. हाक मारली त्यानं. मी हात केला."

"निरोप दिलास?"

"कसा देणार? मामा डाव्या हाताला होता. तू उजव्या हाताचं बोललीस."

हौसा चुलीपाशी तोंडाला पदर लावून बसली. आईला काही हसू आलं नाही. म्हणाली, "अरे बाबा, नुसतं चालत राहायचं नसतं. वाटेवरची खूण बघायची आणि खुणेपाशी वळायचं. उद्या बैलवाटेनं खिंडीत जा. अर्ध्या डोंगरावर वाट फुटते. तिथं गवळणीची पांढरी गाय बसलेली असते, तिची रोजची जागा आहे. त्या गायीपाशी डावीकडं वळ."

मंगळवारी चिंधू निघाला. अर्ध्या डोंगरावर गाय होती, पण बसलेली नव्हती. उठून चरत होती. चिंधू तिच्यापाशी गेला आणि डावीकडं वळला. तोवर गाय चार पावलं पुढं गेली. चिंधू पुन्हा तिच्यापाशी गेला, डावीकडं वळला. गाय झाडाखाली गेली. चिंधू झाडाखाली गेला, डावीकडं वळला. गाय पाण्यावर गेली. आता काय सांगायचं, दिवसभरात त्या गायीला भोवळ आली, पण चिंधू काही चुकला नाही.

संध्याकाळी गवळण आली. म्हणाली, "कोण रे तू? सकाळपासून माझ्या गायीभोवती काय घिरट्या घालतोस?"

"कुसारीला चाललोय."

"मग जा की."

"ही थांबली की जाईन."

गवळणीनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. मग त्याला तांब्याभर ताक पाजलं आणि गावाच्या दिशेला तोंड करून सोडून दिलं.

आईनं कपाळाला हात लावला. "अरे, हलणाऱ्या जिनसेच्या मागं कशाला गेलास? जे हलतं त्याच्यामागं जायचं नाही, हे डोक्यात ठेव. खिंडीत काळा धोंडा आहे. माझी सासू लग्न होऊन आली तेव्हाही तो तिथंच होता. त्या धोंड्यापाशी जाऊन उभा राहिलास की खाली कुसारी दिसते."

बुधवारी चिंधू निघाला. वाटेत गाय दिसली, तिच्याकडं त्यानं ढुंकून पाहिलं नाही. खिंडीत पोचला. धोंड्यापाशी उभा राहिला. खाली कुसारी दिसली. मामाचं घर दिसलं. आता पुढं? चिंधूनं धोंड्याकडं पाहिलं. धोंडा हलला नाही. म्हणून चिंधूही हलला नाही.

तिसऱ्या प्रहरी मामाच धापा टाकत खिंडीत आला. उद्या गुरुवार, निरोपाचा पत्ता नाही, म्हणून जिवाला घोर लागून निघाला होता.

"चिंध्या, इथं काय करतोस?"

"कुसारीला आलोय."

"मग चल माझ्या मागं. तात्यांकडं जाऊन येऊ."

"नाही येणार."

"का रे?"

"तुम्ही हलता."

मामानं समजावलं, चिंधू आला नाही. हाताला धरून ओढलं, त्यानं धोंड्याला मिठी मारली. शेवटी मामाच पिंपळटेपला उतरला. नवसाबाईच्या ओट्यावर पाय पसरून बसला आणि म्हणाला, "आक्का, मला तुझा लेक म्हणतो, तुम्ही हलता, धोंडा बरा."

नवसाबाई लाजेनं अर्धी झाली. "बाबा, मनाला लावून घेऊ नको. तात्यांना सांग, उद्या जेवायलाच या."

"सांगतो. पण उद्या पुन्हा हा डोंगर चढायचं त्राण माझ्यात नाही. त्यांना खिंडीपर्यंतची वाट ठाऊक आहे. पुढं तीन वाटा फुटतात, नवखा माणूस चुकतो. तिथून त्यांना कोण आणणार?"

"मी जाऊ?" हौसा म्हणाली.

"तू गप. ज्या मुलीला बघायचं तीच वाटेवर न्यायला उभी, लोक काय म्हणतील?"

मग उरला कोण, चिंधू.

रात्री भूक लागल्यावर चिंधू धोंडा सोडून घरी आला. जेवताना आईनं त्याला समोर बसवलं. "मामाला बोललास तसं मोठ्या माणसाला बोलायचं नसतं. मोठी माणसं पुढं, आपण मागं. ते म्हणतील त्याला होय म्हणायचं. खोडून काढायचं नाही. ध्यानात राहील?"

"होय," चिंधू म्हणाला.

गुरुवारी सकाळी खिंडीत पाहुणे आले. मंदिल बांधलेले रावजी तात्या, त्यांचा भाऊ आणि नवरामुलगा म्हसू. चिंधूनं सगळ्यांच्या पाया पडून घेतलं आणि मागं जाऊन उभा राहिला.

"पोरा, हो पुढं," तात्या म्हणाले.

"होय तात्या."

"मग हो की."

"होय तात्या."

तात्यांना वाटलं पोर लाजाळू आहे. तेच पुढं झाले. समोर नाळ होती.

"ही बैलवाट ना रे?"

"होय तात्या."

धोंड्यांवरून घसरत, बसत, एकमेकांचे हात धरत पाहुणे खाली उतरले. समोर वीसेक घरं दिसली. एका घरातून पुरणाचा वास येत होता.

तात्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं. "पिंपळ कुठं दिसत नाही. हे दुसरंच गाव असणार, काय रे?"

"होय तात्या."

"म्हणजे पिंपळटेप वरच राहिलं?"

"होय तात्या."

पाहुणे परत फिरले. आता बैलवाटेनं वर.

अंगणातून हौसा बघत होती. "आई, ते आपल्याकडंच येतायत ना?"

"मग कुणाकडं?"

"मग परत का चाललेत?"

दुपारपर्यंत पाहुण्यांनी कोंबड्या डोंगर पुरता बघून घेतला. दोन सुळके पाहिले. गवळणीचा गोठा दोनदा पाहिला. तिनं मागून चालणारा चिंधू पाहिला आणि गाय आत घेऊन दार लावलं. म्हसूची वहाण तुटली. तो म्हणाला, "बाबा, ह्याला जरा नीट विचारा ना."

"काय विचारू? मी विचारतो तेच तो सांगतो."

दिवस कलता कलता सगळे शेळवाटेवर आले. वाट अरुंद होत होत वीतभर राहिली. खाली बघितलं तर झाडांचे शेंडे. तात्यांनी पाठ कड्याला चिकटवली आणि डोळे मिटले. पुढं जाता येईना, मागं वळता येईना.

खाली पुरणपोळ्या गार झाल्या होत्या. नवसाबाईनं वर पाहिलं. कड्यावर मंदिल दिसला. "जा बाई," ती हौसाला म्हणाली. "लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे."

हौसा पदर खोचून शेळीसारखी वर गेली.

"तात्या, वहाणा काढा."

"तू कोण?"

"ते खाली गेल्यावर सांगते. डोळे उघडा. खाली बघायचं नाही, माझ्या टाचेकडं बघायचं. मी पाऊल उचललं की तुम्ही तिथं ठेवायचं."

"मी आजवर कुणाच्या मागून चाललो नाही."

"मग बसा इथंच. थंडी पडेल, कांबळं पाठवून देते."

तात्या तिच्या मागून चालले. त्यांच्या मागून भाऊ, मग म्हसू, आणि सगळ्यात शेवटी चिंधू. घटकेभरात सगळे अंगणात उतरले.

तात्या जेवायला बसले. पाच पोळ्या खाल्ल्या, वाटीभर तूप संपवलं. तोवर गावातली जाणती चार माणसं येऊन बसली. नवसाबाई दाराआड उभी होती, जीव मुठीत धरून.

तात्या म्हणाले, "माझ्या घरात चार मुलगे. एकही माझं ऐकत नाही. ह्या पोरानं दिवसभरात मला एकदाही नाही म्हटलं नाही. आणि ही मुलगी तर मलाच दटावते. माझ्या घरी अशी एक हवीच होती. काय रे चिंधू, देता का तुमची हौसा आम्हाला?"

"होय तात्या."

"लग्न आमच्या दारात करू?"

"होय तात्या."

"सगळा खर्च आम्हीच करायचा काय?"

"होय तात्या."

भाऊ खाकरला. तात्यांना आता गंमत वाटायला लागली. मिशीत हसत म्हणाले, "आणि वर तुझ्या आईला एक म्हैस पण द्यायची असेल."

"होय तात्या."

चार गावकऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. शब्द तात्यांच्याच तोंडून निघाला होता, तोही पंचांत. तात्यांनी मंदिल काढून डोकं खाजवलं, पुन्हा घातला. "दिली," म्हणाले.

मग हौसाचं लग्न झालं, आणि तिसऱ्या दिवशी चिंधू म्हैस आणायला गेला. तात्यांनी दावं त्याच्या हातात दिलं. चिंधूनं म्हशीकडं पाहिलं. म्हैस त्याच्यापेक्षा मोठी होती. म्हणून त्यानं तिला पुढं घातलं आणि आपण मागून चालला.

नवसाबाई वाट बघून थकली. आठव्या दिवशी म्हैस दारात आली. मागं चिंधू.

"अरे, होतास कुठं?"

"ती जिकडं गेली तिकडं. खिंडीपलीकडच्या माळावर म्हशींचा मोठा कळप होता. तिथं तिचं मन रमलं. एका रेड्याजवळून हलेचना."

"मग तू काय केलंस?"

"होय म्हटलं."

दहा महिन्यांनी म्हशीला पारडी झाली. घरात दूध झालं, दही झालं, लोणी विकायला उरलं. आता नवसाबाईच्या दावणीला दोन म्हशी आहेत, आणि तिसरी होणार आहे, कारण पारडी मोठी झाल्यावर तिला चारायलाही चिंधूच जातो.