वात पेटल्यावर

"हात ठेवू देता का नाही, बाई?"

हनोखने हे तिसऱ्यांदा विचारलं. पस्तिशीचा, विहिरी खणणारा, अंगानं दांडगा गडी. चर्चच्या पायरीवर सगुणाबाई बसल्या होत्या. चाळीस वर्षं खेडोपाडी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवत हिंडलेल्या. ते झिजलेलं शास्त्र आताही मांडीवर होतं.

दारू सोडणाऱ्यानं रविवारी मंडळीपुढे त्याच शास्त्रावर हात ठेवून शपथ घ्यायची, ही तिथली रीत. हनोखने ती दोनदा घेतली होती आणि दोनदा मोडली होती. दुसऱ्या वेळेला त्याची बायको राहेल पोरीला घेऊन माहेरी गेली. आज ती आत शेवटच्या बाकावर येऊन बसली होती. तो काय बोलतो ते ऐकून परत यायचं की नाही हे ठरवणार होती.

"नाही," बाई म्हणाल्या.

"मंडळीच्या पंचांनी हो म्हटलंय."

"मग पंचांच्या डोक्यावर ठेव हात."

हनोख तापला.

"आधी मन कच्चं होतं माझं. आता नाही. महिना झाला, रोज मुद्दाम गुत्त्यावरून जातो. आत बघतो आन् गुत्तेवाल्याच्या नाकावर टिच्चून पुढं जातो. कुणाची मदत नाही, कुणाची प्रार्थना नाही. हे मनगट बघा!"

बाईंनी मनगट बघितलं. खरंच बघण्यासारखं होतं.

"आणि काल?"

"काल काय…"

"वेलदोडा चघळून आलायस."

हनोखने तोंड बाजूला वळवलं. म्हणाला, "थोडीशीच घेतली. म्हणून तर आज पक्की शपथ घ्यायचीय!"

त्यानं शास्त्राकडे हात नेला. बाईंनी ते झटकन उचलून छातीशी धरलं. ऐंशीच्या म्हातारीच्या हातात एवढी चपळाई असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"मोडायला तिसरी देणार नाही."

"मग मरू का मी?"

तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की आत चाललेलं उपासनेचं गाणं क्षणभर अडखळलं. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"विहिरीत सुरुंगाची वात कोण पेटवतं रे?"

"मीच. बाकीच्यांना धीर होत नाही."

"पेटवली की?"

"दोर हलवतो, वर हाक मारतो. वरचे ओढून घेतात."

"त्यांना म्हणत नाहीस, थांबा, माझा मी चढतो? एवढं मनगट असून?"

हनोखला हसू आलं. या बायकांना विहिरीतलं काय कळतंय!

"बाई, वात पेटल्यावर मनगट दाखवत बसला, तो फडक्यात गोळा करावा लागतो."

बोलला… आणि आपल्याच मनगटाकडे बघत राहिला.

आतलं गाणं संपलं. पाळकसाहेबांनी शपथेसाठी नाव पुकारलं, "हनोख दादू साळवे."

हनोख जिथल्या तिथे खाली बसला.

"शपथ नाही, तर बोलू काय राहेलपुढं? होत नाही माझ्याच्यानं, असं सांगू? उठून जाईल ती."

"जाईलही."

"बाई…"

पाळकसाहेबांनी पुन्हा नाव पुकारलं. बाईंनी शास्त्र काखेत मारलं. वाकून त्याचं ते मनगट धरलं आणि ओढलं. एवढा गडी, पण उठला.

"वात पेटलीय म्हण. आणि मोठ्यानं म्हण, वर ऐकू गेलं पाहिजे."