सायाक्काचा धागा

फार वर्षांपूर्वी, कौलदऱ्याच्या डोंगराला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, तेव्हा तिथं सायाक्का धनगरीण राहायची. घरात दुसरं माणूस नाही. होता तो काजळ्या, तिचा कुत्रा. त्याला सगळं जग एकदम बघायचं असायचं. ससा दिसला की सशामागं, पान हललं की पानामागं. सायाक्का दोरीच्या टोकाला फरफटत.

एका जत्रेत त्यानं दोरी तोडली, मेंढरं उधळली आणि म्हाकोबा कारभाऱ्याचं कोकरू दरीत गेलं. म्हाकोबा कडाडला, "आक्का, पुढच्या जत्रेत ह्याला मेंढरांतून चालवून दाखव. दोरी ताणली, तर कुत्रं रानात नेऊन मारायचं!"

"ताणली तर ना? मग बघच तू."

दुसऱ्या दिवसापासून तिनं एकच केलं. काजळ्यानं ओढलं की थांबायचं. हाकारायचं नाही, हिसका द्यायचा नाही, मारायचं तर नाहीच. त्यानं वळून तिच्या तोंडाकडं पाहिलं, की भाकरीचा तुकडा आणि पुढचं पाऊल. घरापासून विहिरीपर्यंत जायला पहिल्यांदा महिना लागला, असं म्हणतात. उभ्या उभ्या तिच्या पायांवर शेवाळ चढलं. अंबाड्यात चिमणीनं घरटं बांधलं, पिल्लं उडूनसुद्धा गेली.

विहिरीवरच्या बाया खिदळायच्या, "आक्का, तू कुत्र्याला फिरवतेस, का कुत्रं तुला?"

"आम्ही दोघं फिरतो गं. तुमच्या नुसत्या जिभा फिरतात!"

जत्रेचा दिवस उजाडला. धुक्यात भंडारा उधळला आणि धुकंच पिवळं झालं. ढोल घुमत होते, हजार मेंढरं ढगांसारखी उतरत होती. सायाक्कानं दोरी टाकून दिली आणि काजळ्याच्या गळ्यात लोकरीचा एक कच्चा धागा बांधला. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं.

दोघं मेंढरांत शिरली. काजळ्याची नजर तिच्या तोंडावर. अर्ध्या वाटेत एक कोकरू त्याच्या नाकाखालून टुणटुण पळालं. काजळ्याचे कान ताठ झाले. धागा सरळ होऊ लागला.

सायाक्का थांबली. ती थांबली तसे ढोल थांबले, मेंढरं थांबली, उधळलेला भंडारा हवेतच थांबला, असं म्हणतात. काजळ्यानं हळूच मान वळवली. तिच्याकडं पाहिलं. मगच भंडारा खाली पडला.

म्हाकोबानं पागोटं काढलं. "आक्का, कुत्रं तुझं. पण मंत्र तेवढा सांग."

"भाकरी आणि धीर. भाकरी तुझ्या घरी आहेच."

सायाक्का गेली, काजळ्याही गेला. धुक्यात दोघं अजून चालतात, असं म्हणतात. मी पाहिलेली नाहीत, उगाच पाहिली म्हणणार नाही. पण हे पाहिलंय: कौलदऱ्यात आजही जनावराला ओढत नाहीत. जत्रेत कुणाचं कुत्रं अडलं, बैल अडला, की धनी उभा राहतो. मागं देवाची पालखी असली तर पालखीही उभी राहते. परगावचा कुणी मोटारीतून पों पों करायला लागला, की कुणीतरी काचेवर टकटक करून सांगतं, "थांबा पाव्हणं, सायाक्का चालतीया."